विश्लेषण : युद्ध महाग की बुडत्या बँकेला दिलेला हात? सी. डी. देशमुखांच्या आयुष्यातून समजून घ्या खरा हिशेब

सावेडी (अहिल्यानगर) | डिजिटल डेस्क

नगर शहराच्या दोन ओळखी आहेत. एक लष्कराची : भिंगारची छावणी, बख्तरबंद दलाचे केंद्र, रणगाडा संग्रहालय. दुसरी सहकाराची : बँका, पतसंस्था, साखर कारखाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला आणि पाच लाख रुपयांचे ठेव विमा संरक्षण म्हणजे नेमके काय, हे सावेडीपासून जुन्या नगरपर्यंत घराघरांत समजून घ्यावे लागले.

बँक बुडाली की ठेवीदाराच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. सरकारकडे रणगाड्यांसाठी पैसा असतो, मग बँक वाचवायला का नसतो? उलट बाजूने करदाता विचारतो, बुडणाऱ्या बँकेचा भार मी का उचलायचा?

या दोन्ही प्रश्नांना आयुष्यभर समोरासमोर भिडलेला एक मराठी माणूस होता. युद्धाच्या ऐन मध्यावर तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि पुढे देशाचा अर्थमंत्री. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख. युद्ध आणि बेलआउट यांचा खरा खर्च कसा मोजायचा, हे त्यांच्या कारकिर्दीतून सोपे करून समजते.

कोण होते सी. डी. देशमुख?

जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावी. वडील रोह्यात वकील. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिले आले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरीत गेली.

जुलै १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. दोन महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४१ च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे फेब्रुवारी १९४३ मध्ये निधन झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुखांनी ते पद स्वीकारले.

त्या दिवसांत नगरच्या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद यांच्यासह काँग्रेसचे नेते कैदेत होते. बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. रुपयाच्या नोटेवर प्रथमच भारतीय गव्हर्नरची सही येणार होती, ती नेमकी रुपयाची किंमत झपाट्याने घसरत असताना.

युद्धाचा पैसा कुठून येत होता?

यासाठी नोव्हेंबर १९३९ ची व्यवस्था समजून घ्यावी लागेल. भारताचा शांतताकाळातला नेहमीचा संरक्षण खर्च आणि भारताच्या बचावासाठीचा खर्च भारताने सोसायचा. त्यापलीकडचा, म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियात लढणाऱ्या भारतीय फौजा आणि मित्रराष्ट्रांसाठीची खरेदी, ब्रिटनने सोसायचा. कागदावर हे न्याय्य वाटते. प्रत्यक्षात पैसा असा फिरत होता :

१. भारतात सैन्यासाठी कापड, बूट, तंबू, धान्य, पोलाद खरेदी होई. विक्रेत्याला रुपये लगेच लागत.

२. ब्रिटन आपल्या वाट्याचे पैसे रुपयांत देत नसे. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंड जमा होत.

३. ते पौंड युद्ध संपेपर्यंत फारसे वापरता येत नसत. ते ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवले जात आणि त्यावर जेमतेम एक टक्का व्याज मिळे.

४. कायद्याने हे रोखे नोटांसाठी तारण म्हणून चालत. त्यामुळे त्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक भारतात नोटा छापे.

५. माल सैन्याकडे गेलेला आणि नोटा बाजारात आलेल्या. परिणाम ठरलेला : महागाई.

युद्धापूर्वी चलनात २०० कोटी रुपयांच्या आसपास नोटा होत्या. युद्ध संपताना हा आकडा १,१०० कोटींच्या वर गेला होता. घाऊक किमती दुपटीहून अधिक झाल्या. युद्धकाळात भारतात झालेल्या एकूण संरक्षण खर्चापैकी निम्म्याच्या आसपास रक्कम ब्रिटनच्या नावे उधारीवर होती.

म्हणजेच ब्रिटनला युद्धासाठी उसने कोणी दिले? रोजंदारीवरच्या मजुराने, पगार न वाढलेल्या कारकुनाने आणि धान्य विकत घेऊन खाणाऱ्या शेतमजुराने. त्यांच्याकडून कोणी सही घेतली नाही आणि करही लावला नाही. त्यांच्या खिशातल्या रुपयाची किंमत तेवढी कमी झाली. अर्थशास्त्रात याला महागाईचा कर म्हणतात. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

मुंबईचे सी. एन. वकील आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ तेव्हाच या पद्धतीवर जाहीर टीका करत होते. गव्हर्नर म्हणून देशमुख त्याच यंत्रणेच्या माथ्यावर बसलेले होते. नोटा छापणे थांबवणे त्यांच्या हाती नव्हते, तो निर्णय लंडन आणि दिल्लीचा होता. त्यांच्या काळात चलन शोषून घेण्यासाठी मित्रराष्ट्रांचे सोने भारतीय बाजारात विकले गेले. त्याचा भाव अधिकृत जागतिक दरापेक्षा बराच चढा होता. महागाईला थोडा आळा बसला, पण सोन्यावरचा नफा मित्रराष्ट्रांकडे गेला.

बंगालचा दुष्काळ या हिशेबात कुठे बसतो?

१९४३ च्या दुष्काळाला एकच कारण नव्हते. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागातल्या होड्या सरकारने काढून घेतल्या. या सगळ्यावर युद्धखर्चातून आलेला नोटांचा पूर होता. ज्यांच्या हातात युद्धाचा पैसा आला ते तांदूळ घेऊ शकले. ज्यांच्या हातात आला नाही ते घेऊ शकले नाहीत.

मृतांचा अधिकृत चौकशी आयोगाचा अंदाज १५ लाखांचा होता. नंतरच्या अभ्यासांत तो ३० लाखांपर्यंत जातो. ब्रिटनच्या किंवा भारताच्या कोणत्याही युद्धखर्चाच्या तक्त्यात ही ओळ नाही.

भारत धनको झाला, मग अडचण काय?

युद्धापूर्वी भारतावर ब्रिटनचे कर्ज होते. युद्धकाळात ते बहुतांशी फिटले आणि उलट ब्रिटनच भारताचे देणे लागू लागला. १९४६ च्या सुमारास लंडनमधली ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने १,७०० कोटी रुपयांहून अधिक होती. हिलाच स्टर्लिंग शिल्लक म्हणतात.

ही रक्कम किती मोठी होती? युद्धापूर्वी केंद्र सरकारचा वर्षाचा महसूल १०० कोटी रुपयांच्या आत होता. म्हणजे सतरा वर्षांच्या महसुलाएवढे पैसे लंडनमध्ये अडकले होते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची परिषद झाली. भारतीय शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन होते. देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे त्यातले भारतीय सदस्य. अडकलेल्या शिलकीचा काही भाग नाणेनिधीमार्फत मोकळा करावा, अशी मागणी भारताने केली. ती फेटाळली गेली. हा भारत आणि ब्रिटन यांच्यातला विषय आहे, अशी भूमिका मोठ्या देशांनी घेतली.

तरी शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतले नाही. भारताला नाणेनिधीत ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. पुढे सोव्हिएत संघ सदस्य झाला नाही. त्यामुळे भारत पहिल्या पाच मोठ्या वाटेकऱ्यांत आला आणि संचालक मंडळावर स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मिळाला.

ब्रिटनला बेलआउट, भारताला प्रतीक्षा

युद्ध जिंकूनही ब्रिटन कंगाल झाला होता. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेने त्याला ३७५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. व्याज दोन टक्के, परतफेड पन्नास वार्षिक हप्त्यांत. काही वर्षांचे हप्ते पुढे ढकलले गेले, पण डिसेंबर २००६ मध्ये शेवटचा हप्ता भरून हे कर्ज फिटले.

हा एका देशाला दिलेला बेलआउट होता आणि इथेच खरी तुलना दिसते. अमेरिकेच्या पैशाचा लेखी करार होता. रक्कम, व्याज, हप्ते, तारखा सगळे ठरलेले. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यावर वाद आणि मतदान झाले. भारताने दिलेल्या पैशाला यातले काहीच नव्हते. उलट त्याच अमेरिकी करारात, भारतासारख्या देशांच्या स्टर्लिंग शिलकीचा काही भाग कमी करून घ्यावा, अशी अपेक्षाही नोंदवलेली होती.

शिल्लक माफ करून घेण्याचा ब्रिटनमधला आग्रह अखेर मागे पडला. पण पैसा हप्त्याहप्त्याने सुटला आणि वाटेत तीन ठिकाणी झिजला.

पहिली झीज महागाईची. जोवर पैसे अडकले होते, तोवर त्यातून मिळणारी यंत्रे महागत गेली.

दुसरी वाटाघाटींची. जुलै १९४८ च्या करारात ब्रिटिशांनी भारतात मागे ठेवलेल्या लष्करी साहित्यासाठी १० कोटी पौंड वळते झाले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी आणखी सुमारे १६.८ कोटी पौंड गेले.

तिसरी अवमूल्यनाची. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाची डॉलरमधली किंमत एका फटक्यात ३०.५ टक्क्यांनी उतरली. रुपयाही तेवढाच उतरवावा लागला. अमेरिकेतून यंत्रे किंवा गहू घ्यायचा तर लंडनमधली शिल्लक जवळपास एक तृतीयांश हलकी झाली होती.

उरलेले पौंड पहिल्या आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतल्या आयातीसाठी वापरले गेले. १९५७ मध्ये परकीय चलन इतके आटले की भारताला नाणेनिधीकडून पैसे उचलावे लागले. एका तपापूर्वी धनको असलेला देश मदत मागणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला.

मग बुडणाऱ्या बँकांचे त्यांनी काय केले?

युद्धाच्या पैशाने आणखी एक गोष्ट वाढवली : लहान बँका. भांडवल थोडे, शाखा फार, संचालकांच्या ओळखीवर कर्जे. युद्ध संपले, फाळणी झाली आणि शेकडो बँका बुडाल्या. सर्वाधिक फटका बंगालला बसला.

त्या काळात रिझर्व्ह बँकेचे धोरण सरसकट पैसे ओतण्याचे नव्हते. आधी तपासणीचा अधिकार मिळवला गेला, त्यासाठी १९४६ मध्ये वटहुकूम निघाला. शाखा उघडण्यावर बंधन आले. मार्च १९४९ मध्ये बँकिंग कंपनी कायदा लागू झाला. परवाना, तपासणी, किमान भांडवल यांचे आजचे नियम त्याच कायद्यातून वाढले. नगर अर्बनचा परवाना रद्द करण्याचा अधिकारही त्याच कायद्याच्या आजच्या रूपातून येतो.

जून १९४९ अखेर देशमुख गव्हर्नरपदावरून मुक्त झाले. एक वर्षाने, नगरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. डिसेंबर १९५० मध्ये अडचणीतल्या चार बंगाली बँका एकत्र करून युनायटेड बँक ऑफ इंडिया उभी राहिली. सरकारी तिजोरी उघडण्याऐवजी विलीनीकरणाने ठेवीदार वाचवायचे, हा मार्ग तिथून रूढ झाला.

१ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत ४०० शाखा उघडायच्या आणि नव्या शाखांच्या तोट्यासाठी वेगळा निधी ठेवायचा, असे कायद्यातच आले. सार्वजनिक कामाचा तोटा आधीच मोजून नावे टाकला गेला. युद्धाच्या हिशेबात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याची पाळी आली. आधीच्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या आणि आणखी २५ कंपन्यांचा व्यवसाय तोट्यात दुसऱ्यांच्या गळ्यात घालावा लागला होता. १९ जानेवारीला वटहुकूम निघाला. देशमुखांनी रेडिओवरून तो देशाला समजावून सांगितला. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या आणि संस्था मिळून एलआयसी झाली. तिच्या पॉलिसींना सरकारची हमी मिळाली.

बेलआउटचा लपलेला खर्च कधी दिसला?

एलआयसी सुरू होण्याच्या सुमारासच देशमुख सरकारमधून बाहेर पडले होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा राजीनामा फार मोलाचा ठरला.

वर्षभरात त्यांनी उभारलेल्या संस्थेची परीक्षा झाली. १९५७ मध्ये एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. या कंपन्या अडचणीत होत्या. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण मांडले, न्या. एम. सी. छागला यांच्या आयोगाने जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावे लागले. पॉलिसीधारकांचा पैसा एका उद्योगपतीला तारायला वापरला गेल्याचा हा मामला होता.

बेलआउटचा खरा धोका रकमेत कमी आणि सवयीत जास्त असतो. आपल्याला कोणीतरी वाचवेलच, असे एकदा वाटले की पुढचे कर्ज बेफिकिरीने दिले जाते. १९५९ मध्ये देशमुखांनी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची मागणी जाहीरपणे केली, ती याच चिंतेतून वाचता येते.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा पुढचा टप्पा त्यांच्या मंत्रिपदानंतर आला. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँका नंतर त्यात आल्या. २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. विम्याचा हप्ता बँका भरतात, त्यामुळे या बेलआउटचा खर्च आधीच गोळा झालेला असतो.

आजच्या आकड्यांत तुलना कशी दिसते?

• अमेरिका, २००८ : बँका वाचवण्यासाठी ७०,००० कोटी डॉलरची मंजुरी. प्रत्यक्षात त्यापेक्षा कमी पैसे दिले गेले आणि बरेचसे परत आले. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या मते अंतिम तोटा सुमारे ३,१०० कोटी डॉलर. गेलेल्या नोकऱ्या आणि जप्त झालेली घरे यात धरलेली नाहीत.

• इराक युद्ध : जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये अमेरिकेचा खर्च ३ लाख कोटी डॉलर काढला. जखमी सैनिकांचे पुढचे उपचार, अपंगत्व भत्ते आणि कर्जावरचे व्याज त्यांनी धरले. इराकी जनतेचे नुकसान यातही नाही.

• येस बँक, २०२० : देशमुखांच्या काळात उभ्या राहिलेल्या स्टेट बँकेने पुढाकार घेऊन हजारो कोटी रुपये गुंतवले. २०२५ मध्ये तिने आपला १३.१८ टक्के हिस्सा एका जपानी बँकेला सुमारे ८,८८९ कोटी रुपयांना विकला. मात्र ८,४०० कोटींहून अधिक रकमेच्या विशेष रोख्यांचे मूल्य शून्यावर आणले गेले. ठेवीदार वाचले, रोखेधारकांचा प्रश्न कोर्टात गेला.

थोडक्यात : आकडा ऐकला की हे चार प्रश्न विचारा

१. जाहीर किती झाले? बेलआउटमध्ये हा आकडा खऱ्या खर्चाहून बहुधा मोठा असतो, युद्धात बहुधा लहान.

२. परत किती आले? बँक तगली तर शेअर विकता येतो. फुटलेल्या तोफगोळ्याचे पैसे परत येत नाहीत.

३. मधल्या काळात कोणी सोसले? १९४३ मध्ये बंगालच्या शेतमजुराने, मुंध्रा प्रकरणात पॉलिसीधारकाने.

४. पुढच्यांसाठी काय उरले? नवा कायदा, ठेव विमा, की फक्त वाईट सवय?

याचा अर्थ युद्ध कधीच करू नये किंवा प्रत्येक बँक वाचवावी असा नाही. काही युद्धे लादली जातात आणि काही बँका बुडू देणेच योग्य असते. पण रक्कम कोणाच्या खिशातून जाणार, हे दोन्ही वेळा आधी लिहून ठेवता येते. स्टेट बँकेच्या कायद्यात ते लिहिले गेले, १९३९ च्या व्यवस्थेत नाही.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवली. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

पाच लाखांहून अधिक ठेव असलेल्या नगरच्या ठेवीदाराला आज उरलेल्या रकमेसाठी अवसायकाकडे वसुलीची वाट पाहावी लागते. थकीत कर्ज किती वसूल होते, यावर त्याचा पैसा ठरतो. निदान त्याच्या नावावर किती येणे आहे, हे कागदावर लिहिलेले आहे. १९४३ मध्ये ज्यांनी महागाईच्या रूपाने युद्धाचे पैसे भरले, त्यांच्या नावावर असा कागदही नव्हता.